फॉर्म पाठ झाला, आता आतलं काम: ताई चीमधल्या नेईगोंगचा घरचा सराव

ताई ची ही संथ हालचालींची चिनी युद्धकला. तिचा चोवीस हालचालींचा फॉर्म, म्हणजे ठरलेल्या क्रमाची मालिका, पाठ झाला की बहुतेकांना वाटतं, ताई ची आली. खरं-खोटं करायला एक मिनिट पुरतं. फॉर्ममधल्या 'एकेरी चाबूक' या स्थितीत (एक पाऊल पुढे, एक हात समोर, दुसरा मागे) थांबा आणि घरातल्या कुणालाही तुमच्या पुढच्या हाताच्या मनगटाजवळ तळवा टेकवून तुमच्याच दिशेने हळूहळू दाब वाढवायला सांगा. धक्का नको, नुसता दाब, साधारण २ किलोचा. २ किलो म्हणजे किती याचा अंदाज नसेल तर आधी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तळवा दाबून बघा. एवढ्याशा दाबाने खांदा कानाकडे चढला, कंबर मागे मोडली किंवा पुढचं पाऊल उचललं गेलं, तर फॉर्म बाहेरून आला आहे आणि आतून यायचा राहिला आहे.

हे आतून येणं म्हणजे नेईगोंग. 'नेई' म्हणजे आतलं आणि 'गोंग' म्हणजे वेळ घालून कमावलेलं कसब. यात गूढ काही नाही. हाडं एकमेकांवर नीट रचणं, नको तिथला ताण सोडणं, वजन तळपायापर्यंत पोचू देणं, पाय-कंबर-हात एका दोरीत ओवणं आणि हे सगळं मनाच्या इशाऱ्यावर होणं, एवढाच त्याचा पसारा. प्रत्येक गोष्ट तपासून बघता येते, आणि तपासता येत नाही त्या गोष्टीमागे पहिल्या वर्षात तरी लागू नये.

फॉर्म आधी आणि आतलं काम नंतर, असा उलटा क्रम का पडला, हेही समजून घ्यायला हवं. चीनच्या क्रीडा आयोगाने १९५६ साली ताई चीच्या यांग शैलीतून २४ हालचाली निवडून हा छोटा फॉर्म तयार केला. बागेत, कारखान्यात, शाळेत शेकडो लोकांना एकदम शिकवता यावा हा हेतू होता, आणि तो सफल झाला. पाच-सहा मिनिटांत संपणारा असा फॉर्म नुसता बघून उचलता येतो. आतलं काम मात्र बघून उचलता येत नाही. हेनान प्रांतातल्या चेनजियागौ गावात, जिथून ही विद्या बाहेर पडली, तिथल्या चेन शैलीत आजही खांबासारखं उभं राहणं आणि रेशीम-गुंडाळी (अख्ख्या अंगाने हात वर्तुळात फिरवणं) हे फॉर्मचे पायाभूत सराव मानले जातात. यांग शैलीचे गुरू यांग छंगफू (१८८३–१९३६) यांनी सांगितलेले दहा मुद्दे ताई चीच्या जगात प्रसिद्ध आहेत. डोकं, छाती-पाठ, कंबर, वजनाची भरती-ओहोटी, खांदे-कोपर, मन, आत-बाहेरचा मेळ असं सगळं त्यांत आहे. पाय किती उंच उचलावा किंवा बैठक किती खोल असावी, याबद्दल मात्र एकही मुद्दा नाही.

उभं राहणं: झान झुआंग

पहिल्या महिन्यात दुसरं काही केलं नाही तरी चालेल, पण हे करा. नावाचा अर्थ 'खांबासारखं उभं राहणं'. इथे जे जमत नाही ते हालचालीत जमत नाहीच, फक्त हालचालीत ते लपतं.

पाय खांद्यांइतके रुंद ठेवा. पावलं समांतर हवीत. त्यासाठी अंगठ्याकडे बघू नका. दुसरं बोट आणि टाचेचा मध्य जोडणारी रेघ सरळ पुढे जाते का ते बघा. घरात लादी असेल तर लादीच्या सांध्यावर ही रेघ जुळवणं सोपं जातं. प्रत्येक तळपाय तीन ठिकाणी जमिनीला टेकलेला असतो: अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ आणि टाच. तिन्ही जाणवली पाहिजेत. आता घोट्यातून शरीर सावकाश पुढे-मागे झुलवा, दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. पुढे गेलात की पोटऱ्या टणक होतात, मागे गेलात की बोटं उचलू लागतात आणि नडगीचा स्नायू ताठतो. मधे एक जागा अशी सापडते की पोटरी आणि नडगी दोन्ही मऊ पडतात. तिथेच थांबायचं. ही जागा रोज नव्याने शोधायची असते, कालची आज लागू पडेलच असं नाही.

गुडघे अगदी थोडे सोडा, दहा-पंधरा अंशांइतके. खाली नजर टाकली तर गुडघ्यांच्या पुढे पायाची बोटं दिसली पाहिजेत. खोल बसण्याचा मोह टाळा. स्पर्धेतली खोल बैठक दिसायला देखणी असते, नवशिक्याच्या गुडघ्यांना मात्र ती महाग पडते.

मग माकडहाड खाली सोडायचं. उंच स्टुलाच्या कडेवर टेकायला निघालो आणि मधेच थांबलो, असा भाव हवा. इथे सर्वांत जास्त घोटाळा होतो. 'माकडहाड आत घ्या' असं ऐकून लोक नितंब आवळून ओटीपोट पुढे ढकलतात. भिंतीला पाठ लावून तपासा. सरळ उभं राहिलं की कंबरेमागे भिंतीशी तळवा सरकेल एवढी जागा असते. गुडघे सोडून कंबर सैल केली की ती जागा आपोआप कमी होते. आपोआप हा शब्द महत्त्वाचा. नितंब बोटाने दाबून बघा: मऊ असतील तर बरोबर, दगडासारखे असतील तर तुम्ही आत ढकलताय.

डोकं वर हवं, पण मान ताणून नव्हे. डोक्यावर घागर घेऊन चालणाऱ्या बाईची मान आठवा: घागर खाली दाबते आणि मणका तिला खालून उचलून धरतो, हनुवटी किंचित आत असते, नजर समोर. छाती फुगवायची नाही आणि आत खचवायचीही नाही. बगलेत एक लिंबू मावेल एवढी पोकळी ठेवा. हात छातीसमोर, मोठं झाड कवेत घेतल्यासारखे. तळवे छातीकडे, छातीपासून साधारण एक वीत किंवा थोडे जास्त अंतरावर. दोन्ही हातांच्या बोटांमध्येही तेवढंच अंतर. कोपर मनगटापेक्षा खाली. खांदे दुखत असतील तर पहिले दोन आठवडे हात बेंबीच्या उंचीवर धरा, त्यात कमीपणा नाही. जिभेचं टोक वरच्या दातांमागे टाळूला हलकेच टेकलेलं, डोळे अर्धे उघडे.

वेळ: पहिल्या आठवड्यात ३ मिनिटं, पुढे दर आठवड्याला एक मिनिट वाढवा. १५ ते २० मिनिटांवर थांबा. गजर लावा आणि घड्याळ नजरेआड ठेवा. संपल्यावर एकदम बसू नका. हात सावकाश पोटावर आणा, मिनिटभर थांबा, मग खोलीत दोन मिनिटं चाला.

काय बिघडतं आणि का, हे ओळखता आलं पाहिजे. मांड्या थरथरतात, ते ठीक आहे, इतके दिवस बिनकामाचे राहिलेले स्नायू कामाला लागले आहेत. खांद्याच्या वरच्या बाजूला आग होते, कारण तुम्ही हात खांद्याने उचलून धरले आहेत. कोपर खाली सोडा, हात पाण्यावर टेकले आहेत असं धरा. कंबर दुखते, कारण माकडहाड जबरदस्तीने आत ओढलंय किंवा वरचं शरीर मागे कललंय. बोटांना मुंग्या येऊन बधिर होतात, तेव्हा मनगट मोडलेलं किंवा बगल मिटलेली असते. घेरी येते ती बहुधा गुडघे ताठ झाल्याने, श्वास रोखल्याने किंवा रिकाम्या पोटी उभं राहिल्याने, लगेच बसा. ज्यांचा रक्तदाब कमी असतो त्यांनी पाच मिनिटांच्या पुढे हळूहळूच जावं. गुडघ्याच्या आतल्या बाजूला टोचल्यासारखं दुखलं तर मात्र थरथरीसारखं सहन करायचं नाही. तिथेच थांबायचं आणि उंच उभं राहून पुन्हा सुरुवात करायची.

सैल, पण सांडलेलं नाही

ताई चीतला सगळ्यात वापरला जाणारा आणि सगळ्यात कमी कळलेला शब्द 'सोंग'. आपल्या सोंगाशी त्याचा संबंध नाही, पण वर्गात पुष्कळदा आपलंच सोंग बघायला मिळतं: चेहरा शांत, हात तरंगतायत आणि जबडा आवळलेला. चिनी 'सोंग' म्हणजे अनावश्यक ताण सोडणं. रचना सोडणं नव्हे. दोरीवर वाळत घातलेली ओली साडी डोळ्यांसमोर आणा. वरून ती घट्ट टांगलेली असते आणि तिचं सगळं वजन निऱ्यांच्या टोकांपर्यंत उतरलेलं असतं. दोरी काढली तर ढीग होईल. साडी खळ घालून कडक केली तर वजन उतरणार नाही. डोकं ही आपली दोरी.

सराव असा. उभ्या स्थितीत श्वास सोडताना एकेका जागी लक्ष न्या: टाळू, भुवया, जबडा, घसा, खांदे, पाठीची फरी, बरगड्यांच्या बाजू, कंबर, नितंब, गुडघ्यांमागची खोलगट जागा, घोटे, तळपाय. प्रत्येक ठिकाणी तीन श्वास. 'सैल हो' असा हुकूम सोडून उपयोग होत नाही. त्याऐवजी ती जागा आधी थोडी आवळा आणि मग सोडा. फरक कळला की पुढच्या वेळी आवळण्याची गरज उरत नाही. जबडा सुटला नसेल तर खांदे सुटत नाहीत, आणि खांदे सुटले नसतील तर पुढचं सगळं फुकट. म्हणून वेळ कमी असेल तर पहिल्या पाच जागांवरच तो घालवा.

जोडीदार असेल तर एक सोपी तपासणी आहे. त्याने तुमचं मनगट आणि कोपर खालून आधार देऊन उचलावं आणि न सांगता आधार काढून घ्यावा. हात धपकन खाली पडला तर सैल. हवेत क्षणभर तरंगत राहिला तर तो तुम्हीच धरून ठेवला होता. पहिल्या दिवशी बहुतेकांचा हात तरंगतो, आणि आपण धरून ठेवलाय हेच त्यांना माहीत नसतं.

क्वा: सारा खेळ जांघेच्या घडीत

मांडी आणि पोट जिथे मिळतात ती घडी म्हणजे क्वा, त्यात खुब्याचा सांधाही आला. हाताच्या कडेने दाबलं की सापडते. ताई चीमध्ये 'कंबर फिरवा' असं सांगतात तेव्हा बरंचसं फिरणं खरं तर इथून व्हायचं असतं. आणि ते इथून झालं नाही तर गुडघ्यातून होतं. ताई ची करणाऱ्यांचे गुडघे दुखण्याचं हे एक मोठं कारण आहे, म्हणून इथे घाई नको.

गुडघा मुख्यतः बिजागरीसारखा वाकतो-सरळ होतो. पिळण्याची मुभा त्याला थोडीच असते. खुबा हा खोबणीत बसलेला गोळा, त्याला सगळ्या दिशा मोकळ्या. पाऊल जमिनीला चिकटलेलं, धड फिरतंय आणि खुबा आखडलेला, अशा वेळी पीळ मधल्या सांध्यावर येतो. लादीवर अनवाणी पाय चिकटतात, रबरी तळाचे जाड बूटही चिकटतात. पातळ सपाट तळाचे कापडी बूट बरे.

खांद्यांहून थोडे जास्त रुंद उभे राहा. उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला, त्याला जेमतेम स्पर्श होईल असं एक हलकं प्लॅस्टिकचं स्टूल ठेवा. वजन उजव्या पायावर न्या, साधारण ७० टक्के. उजव्या हाताची कड उजव्या घडीत ठेवा. आता धड उजवीकडे तीस ते चाळीस अंश फिरवा. हाताची कड घडीत चिमटली गेली पाहिजे, कातरीत कागद यावा तशी. उजवा गुडघा दुसऱ्या बोटाच्या वरच राहिला पाहिजे. आता मध्यावर या आणि डावीकडे फिरा. इथे उजवा गुडघा आत पडून स्टूल सरकतं. सरकलं की तेवढ्या अंशावरच तुमची मर्यादा. त्यापुढे फिरलात तर पीळ गुडघ्याने सोसला. एका बाजूला दहा वेळा, मग दुसऱ्या. मर्यादा पंधरा अंश निघाली तर पंधराच करा. आठवड्यागणिक ती वाढते, पण ढकलून वाढत नाही.

फॉर्ममध्ये वळताना वजन असलेलं पाऊल फिरवावं लागतं. नवशिक्यांनी आधी थोडं वजन दुसऱ्या पायावर न्यावं, पाऊल फिरवावं आणि मग वजन परत आणावं. मुरलेले लोक भरल्या पायावर फिरतात, त्यांचा क्वा तेवढा मोकळा असतो. त्यांची नक्कल पहिल्या वर्षात करू नका.

रेशीम-गुंडाळी

कोशावरून रेशमाचा तंतू उलगडताना झटका दिला तर तो तुटतो आणि ओढ थांबली तर गुंता होतो. चेन शैलीतल्या या सरावाचं नाव त्यावरून पडलं. त्यात हात वर्तुळात फिरतो, पण हाताला फिरवणारा तो स्वतः नसतो.

एका हाताचा, समोरचा प्रकार घ्या. पाय रुंद, वजन उजवीकडे. डावा हात कंबरेवर. उजवा हात उजवीकडे, डोळ्यांच्या उंचीवर, तळवा बाहेर, कोपर किंचित वाकलेलं. पहिला टप्पा: वजन डावीकडे जाऊ लागतं आणि हात खाली उतरतो, तळवा हळूहळू वर वळत पोटासमोर येतो. दुसरा: धड डावीकडे फिरतं आणि हात पोटासमोरून डावीकडे जातो. तिसरा: वजन उजवीकडे परततं, हात छातीसमोरून वर चढतो, तळवा बाहेर वळू लागतो. चौथा: धड उजवीकडे उघडतं, हात मूळ जागी जातो आणि तिथे खांदा, कोपर, मनगट या क्रमाने बसतो. एक फेरा साधारण दहा सेकंदांचा. वीस फेरे, मग उलट दिशेने वीस, मग हात बदलायचा.

जात्यावर दळण दळताना बघितलंय ना? खुंटा हातात असतो पण फिरवतं अख्खं अंग. नुसत्या मनगटाने फिरवणारी दहा मिनिटांत थकते. इथेही तेच. तपासायचं कसं? बेंबीकडे लक्ष ठेवा. बेंबी थांबल्यावरही हात पुढे जात असेल तर हात स्वतःच्या मर्जीने चाललाय. बेंबी फिरतेय आणि हात मागे लोंबकळतोय, तर खांद्याशी दोरी तुटली आहे. जुन्या ताई ची वचनात क्रम स्पष्ट दिलाय: मूळ पावलात, उगम पायात, ताबा कंबरेचा, प्रकट बोटांत. चौथ्या टप्प्यात हा क्रम जाणवतो का ते बघा. नाही जाणवला तर वर्तुळ अर्ध्याने लहान करा. मोठं वर्तुळ चुका झाकतं.

नेहमीच्या चुका दोन. एक, तळव्याचं वळणं शेवटच्या क्षणी एकदम होणं. ते पूर्ण फेऱ्यात समान वाटलं गेलं पाहिजे. दुसरी, वजन नेताना डोकं वर-खाली होणं. आरशात बघा, किंवा भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला चिकटपट्टी लावा.

श्वास, दानतियान आणि छी

पहिले सहा महिने श्वास आणि हालचाल जुळवू नका. प्राणायामाची सवय असलेले लोक इथे हमखास अडकतात; पूरक-कुंभक-रेचकाचं प्रमाण घेऊन येतात आणि हात उचलताना श्वास रोखून धरतात. त्याने छाती ताठते आणि उच्च रक्तदाब असलेल्यांना त्रासही होऊ शकतो. ताई चीत कुंभक नाही. नाकाने, आवाज न करता, पोटात उतरणारा श्वास. तो हालचालीपेक्षा लांब झाला तर होऊ दे, आखूड झाला तर मधे आणखी एक घ्या. श्वास घेताना पोट आत आणि सोडताना बाहेर, हा उलटा श्वास पुढचा भाग आहे, आणि तो समोर शिक्षक असल्याशिवाय करू नये.

दानतियान म्हणजे बेंबीखाली तीन बोटं आणि तिथून आत. तिथे लक्ष 'ठेवायचं' असतं, 'रोखायचं' नसतं. चुलीवर दूध असताना दुसरं काम करताना जसं एक लक्ष तिकडे असतं, तेवढंच.

हात गरम होतात, बोटं फुलल्यासारखी वाटतात, तळव्यांत मुंग्या येतात. ताण सुटून रक्त मोकळं वाहू लागलं की असं होतं. चांगली खूण आहे, पण सरावाचं ध्येय नव्हे. तिच्यामागे लागणाऱ्यांचे खांदे पुन्हा वर चढतात. 'छी'बद्दल, म्हणजे चिनी परंपरेतल्या प्राणशक्तीबद्दल, वाद घालत बसण्यापेक्षा तो शब्द लक्ष कुठे न्यायचं याची खूण म्हणून वापरा, बरंच काम होतं. स्पर्श न करता माणसं उडवण्याचे व्हिडिओ मात्र करमणुकीसाठी ठेवा.

मन पुढे, हात मागून

यांग छंगफूंच्या दहा मुद्द्यांत एक आहे: बळ नको, 'यी' वापरा. यी म्हणजे इरादा. ऐकायला हवेत बोलल्यासारखं वाटतं, सरावात मात्र ते ठोस आहे. झाड कवेत घेतलेल्या स्थितीत हातांच्या आत एक मोठा फुगा आहे असं धरा. श्वासाबरोबर तो किंचित फुगतो, तेव्हा हात एखादा मिलिमीटर बाहेर जातात; तुम्ही तो हलका दाबता, तेव्हा तेवढेच आत. हालचाल दुसऱ्याला दिसली तर जास्त झाली. आत कुठल्या स्नायूंना आधी जाग येते ते बघा. खांदे आधी हलत असतील तर बळ. पाठ आणि तळपाय आधी जागे होत असतील तर इरादा योग्य मार्गाने चालला आहे. यीछ्वान ही चिनी युद्धकलेची पद्धत घडवणाऱ्या वांग शियांगजाय (१८८५–१९६३) यांनी तर फॉर्म बाजूला ठेवून उभं राहणं आणि अशा सूक्ष्म हालचाली यांनाच सरावाचा गाभा मानलं.

मग एकच हालचाल तीनदा करा: एकदा पूर्ण, एकदा अर्ध्या आकाराची, एकदा बाहेरून जवळपास न दिसणारी. तिसऱ्या वेळी आत काही राहिलं का? राहिलं नाही तर पहिल्या वेळीही फक्त हातच हलले होते.

जोडीदाराबरोबर: पंग

आता सुरुवातीच्या त्या २ किलोंकडे परत. एक पाय पुढे, हात छातीसमोर गोल. जोडीदार तुमच्या हाताच्या बाहेरच्या बाजूवर, मनगटाशेजारी, तळवा टेकवतो आणि पाच सेकंदांत दाब वाढवत नेतो, तुमच्या मागच्या टाचेच्या दिशेने. तुम्ही परत ढकलायचं नाही. मागे हटायचंही नाही. हाताची गोलाई भरलेल्या सायकल ट्यूबसारखी राहू द्यायची, क्वा किंचित बसू द्यायचा आणि दाब पाठीतून मागच्या तळपायाखाली जाऊ द्यायचा. असा दाब सहज पेलणारी भरलेली गोलाई म्हणजे पंग, ताई चीच्या आठ बळांतलं पहिलं. बाकी सातांचा पाया तीच मानतात.

बरोबर जमलं की एक मजेशीर गोष्ट घडते: हातावर काही येतच नाही, मागच्या पायाची मांडी मात्र भारी होते. हात जड वाटत असेल तर दाब खांद्यात अडकलाय. कंबरेत कळ आली तर तिथे अडकलाय. कोपर छातीला येऊन चिकटलं तर ट्यूबमधली हवाच गेली. जोडीदाराला कडक भिंत लागल्यासारखी वाटली तर तुम्ही ताठ झालात; त्याने दाब अचानक काढल्यावर तुम्ही पुढे झुकाल, तीच खूण. एका बाजूला पाच वेळा, मग अदलाबदल. ५ किलोच्या पुढे जाऊ नका. ही ताकदीची स्पर्धा झाली की दोघांचंही नुकसान.

हे सगळं फॉर्ममध्ये कसं न्यायचं

एकदम अख्ख्या फॉर्ममध्ये नेता येत नाही. 'ढगांसारखे हात' ही एकच हालचाल उचला, कारण तिच्यात क्वाचं वळण, दोन्ही हातांची गुंडाळी आणि वजनाची ये-जा सगळं आहे. आधी पाय न उचलता, जागच्या जागी. वरचा हात डोळ्यांखाली, खालचा पोटासमोर. धड तीस-चाळीस अंशच फिरतं. हात त्याहून पुढे बाजूला गेले की दोरी तुटली. गुडघे दुसऱ्या बोटावर. दहा मिनिटं नुसतं हेच. पंधरा दिवसांनी पाऊल टाकायला लागा. पाऊल टाकताना वजन नेण्याआधी पूर्ण तळपाय टेकलेला हवा. टेकता टेकताच वजन पडलं तर ते पाऊल नव्हे, पडणं.

रोज चाळीस मिनिटं असतील तर अशी वाटणी करा. ५ मिनिटं सांधे मोकळे करणं, १० ते १२ उभं राहणं, ५ क्वा, १० रेशीम-गुंडाळी, ५ एक हालचाल आणि शेवटी फॉर्म एकदाच. वीसच मिनिटं असतील तर फॉर्म गाळा, उभं राहणं गाळू नका. उन्हाळ्यात, विशेषतः मे महिन्यात, सकाळी सातच्या आत आटपा. घामाने चिंब होऊन उभं राहिलं की घेरी लवकर येते. आजारपणात किंवा रात्रीची झोप झाली नसेल तेव्हा फक्त तीन मिनिटं उभे राहा, पण साखळी तोडू नका.

वर्ग लावायचा असेल तर शिक्षकाने किती फॉर्म शिकवले हे विचारू नका. पहिल्या महिन्यात विद्यार्थ्यांना किती वेळ उभं करता, आणि हात लावून रचना तपासता का, हे विचारा. गुडघ्याची किंवा पाठीची शस्त्रक्रिया झालेल्यांनी, तोल जाण्याचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांशी बोलूनच सुरुवात करावी. तोल नाजूक असेल तर खुर्चीची पाठ हाताशी ठेवून उभं राहता येतं, आणि बसूनही खांदे-जबडा सोडण्याचा भाग पूर्ण करता येतो.

वहीत रोज तीनच गोष्टी लिहा: किती मिनिटं उभे राहिलात, सगळ्यात आधी कुठे ताण जाणवला, आणि क्वाच्या सरावात स्टूल किती अंशांवर सरकलं. तीन महिन्यांनी 'एकेरी चाबूक' घेऊन त्याच माणसाला बोलवा आणि तोच २ किलोंचा दाब त्याच मनगटावर द्यायला सांगा. या वेळी खांद्याकडे बघू नका, मागच्या तळपायाखाली काय होतंय तिकडे लक्ष द्या.